बिनकानाचे कप आणि पर्मनंट जावई

शहापूरच्या एखाद्या हॉटेलात कपाचा कान सोडून अख्खा कप मुठीत धरून चहा पिणारा माणूस दिसला, तर त्याला गाव विचारायची गरज नाही. तो आमच्या पाड्याचा. सापगावच्या पलीकडे ओढा ओलांडला की आमची बावीस घरं. नव्वदच्या त्या वर्षांत या बावीस घरांत मिळून हजारभर कप असतील आणि कान एकालाही नव्हता. पाहुणा आला की चहाबरोबर त्याच्या हातात एक फडकं द्यायचं, कप धरायला. लग्न असलं की मांडवाच्या एका कोपऱ्यात कपांचा ढीग आणि दुसऱ्या कोपऱ्यात फडक्यांचा.

हे सगळं वैभव कुंडलिकमुळे. कुंडलिक माझा शेजारी, मध्ये फक्त एक कुड. आटगावच्या अंगाला कपबश्यांचा एक कारखाना होता, तिथं तो भट्टीवर होता. भाजून निघालेले कप गाड्यावरून उतरवायचे आणि पॅकिंगच्या बायांपुढं नेऊन ठेवायचे, हे त्याचं काम. बाया बारा-बारा कप पेंढ्यात गुंडाळून बांधत, बांधलेली पेंडी खोक्यात जाई, खोकं ट्रकमध्ये, ट्रक नाशकाला नाही तर मुंबईला. तिथं दुकानदारानं पेंढा सोडला की बारांतले चार कप कान गळालेले निघत. ते परत येत. परत आलेला माल कारखान्याच्या मागं ढिगात पडे, आणि ढिगातून ज्याला हवा त्यानं न्यावा. कुंडलिक संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला पिशवी लावून आला की पाड्यातल्या म्हाताऱ्या पिशवीकडं प्रसादाच्या नजरेनं बघत.

माणूस सरळ. इतका सरळ की खोटं बोलायचं म्हटलं तर आधी कान लाल व्हायचे, मग मान, मग तो उठून पाणी प्यायला जायचा. त्यामुळं त्याच्या वतीनं खोटं बोलायचं काम माझ्याकडं असे. त्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी नव्वद साली बोललो. मुरबाडच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला लडकूबाबा म्हणून एक खटपटे गृहस्थ होते, त्यांची मुलगी मैना. मागणी घालायला आम्ही गेलो, तर लडकूबाबांनी गूळपाणी पुढं करायच्या आधीच विचारलं, "पोरगा कंपनीत पर्मनंट हाय ना?"

कुंडलिकचे कान लाल झाले. मी म्हटलं, "पर्मनंट म्हंजे काय बाबा, कंपनी एक वेळ जाईल पण हा जायचा नाय."

झालं. लग्न लागलं.

खरी गोष्ट अशी की कुंडलिक टेंपरवारी. सहा महिने भरले की कंपनी त्याला पंधरा दिवसांचा ब्रेक देई, मग पुन्हा नवा माणूस म्हणून भरती करी. सात वर्षं भट्टीवर राबून हा माणूस दर सहा महिन्यांनी नवा. आणि लडकूबाबांचं नाक असं की नेमके ब्रेकमध्येच लेकीकडं येत. मग मैना पहाटे उठून भाकरी थापी, डबा भरी, आणि कुंडलिक सासऱ्याच्या पाया पडून, सायकलवर टांग मारून कामावर निघे. ओढ्यापर्यंत जाई, वळसा घेई आणि मागच्या वाटेनं येऊन माझ्या पेंढ्याच्या माळ्यावर चढून बसे. डबा आम्ही दोघं अकरालाच खात असू. संध्याकाळी सहाला तो अंगाला राख चोळून, दमल्याचं तोंड करून घरी जाई. लडकूबाबा म्हणत, "बघ गो मैने, पर्मनंट मानसाला किती काम."

हे असंच आणखी वीस वर्षं चाललं असतं. माझी काही तक्रार नव्हती, मैनेची खारातली मिरची चांगली असे. पण सत्त्याण्णव साली दोन गोष्टी एकदम झाल्या. लडकूबाबांनी निरोप धाडला की, दिवाळीला येतोय, आमच्या गावात एका शहाण्याशी पैज लागली आहे, तेव्हा जावयाचा पर्मनंटचा कागद एकदा डोळ्यांनी बघून जाईन. आणि कारखान्यात खटावकर साहेब मासा काढायला लागले.

खटावकर साहेब कारखान्याचे मॅनेजर. गणपतीनंतर ते पुण्याला आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले. तोवर कान तुटतात म्हणून त्यांनी दोनदा माती बदलली होती, एकदा ट्रकचा ड्रायव्हर बदलला होता आणि कान चिकटवणाऱ्या तीन माणसांना बदलून बश्यांवर पाठवलं होतं. कान तुटायचे थांबले नव्हते. आता पुण्याहून ते नवीनच शिकून आले होते. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बसवलं आणि सांगितलं, "बिघाड कुठं आहे ते खुर्चीत बसणाऱ्याला कधीच कळत नाही. हातानं काम करणाऱ्यालाच कळतं. तेव्हा यापुढं तुम्ही शोधायचं." मग फळ्यावर खडूनं एक लांब काटा काढला, त्याला आडवे काटे काढले, पुढं डोकं काढलं. डोक्यात लिहिलं 'तुटका कान'. एकेका काट्यावर माणूस, माती, मशीन, पद्धत असं लिहायला लागले.

पॅकिंगच्या गुणाबाईंनी हात वर केला. साठीला टेकलेली बाई, बोलायला कुणाला भीत नसे. "साहेब, ह्यो कुठला मासा?"

"कुठलाही धरा."

"कुठलाही कसा धरू? बोंबील नाय, बोंबलाला एवढं काटं नसतात. आणि भातसा नदीतल्या मळ्या माशाचं डोकं असं नसतं."

अर्धा तास मासा ठरण्यात गेला. शेवटी वाम ठरली. साहेबांनी कपाळ पुसलं आणि दुसरी गोष्ट सांगितली, ती कुंडलिकच्या डोक्यात घुसली. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. पाचव्या 'का'ला खरं मूळ सापडतं. आणि ज्या टेंपरवारी माणसाला कानाचं मूळ सापडेल आणि तुटणं थांबेल, त्याचं नाव दिवाळीआधी पर्मनंटच्या यादीत. यादीत जागा एकच.

कुंडलिक त्या दिवशी सायकल चालवत आला नाही, हातात धरून चालत आला. म्हणाला, विचार करायला बरं पडतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरात 'का' सुरू झाले. कुडाच्या अलीकडं बसून मी सगळं ऐकत होतो.

"मैने, भाकर का करपली?"

"इस्तू जास्त झाला."

"का जास्त झाला?"

"फाटी सुकी व्हती आणि मी चुलीपासनं उठले."

"का उठलीस?"

"धाऊदादा कुडावरनं साखर मागीत व्हते."

"धाऊदादाच्या घरात साखर का नसते?"

मैना म्हणाली, "ते त्यांनाच विचार, कुडाला कान लावून बसलेत."

चौथ्या 'का'लाच मी सापडलो. पुढचे आठ दिवस हेच. म्हैस दूध का चोरते, ओटीवर चिखल का, सायकलीची हवा कोण सोडतं, कुठूनही सुरू केलं तरी चार-पाच पायऱ्या उतरून कुंडलिक माझ्या दारात. एकदा मैनाच चिडली आणि तिनंच विचारलं, "माजं तुज्याशी लगीन का झालं, ते शोध की आधी." त्यालाही उत्तर मीच.

हे ठीक. पण पाड्यात कुणकुण लागली की कुंडलिक कान तुटायचे थांबवणार आहे, आणि लोकांची तोंडं उतरली. धोंडीबाई म्हातारीच्या नातीचं लग्न पौषानंतर होतं, तिला अजून दोनशे कप हवे होते. ती मला म्हणाली, "त्याला समजाव रे धाऊ. कंपनीचं चांगलं चाललंय, कशाला खोड काढतो?" मी म्हटलं समजावतो. कुंडलिककडं गेलो की म्हणायचो, शोध रे, सोडू नको. परत आलो की धोंडीबाईला म्हणायचो, ऐकत नाय गो, मी लय सांगितलं. शेजारधर्म असा दोन्हीकडून पाळावा लागतो.

कुंडलिकनं कारखान्यात मोजमाप सुरू केलं. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप तो कान धरून हलवून बघे. सगळे धड. बायांपुढं ठेवताना पुन्हा बघे. धड. म्हणजे कान तुटतो तो पेंढ्यात बांधल्यापासून दुकानात सोडेपर्यंत कुठंतरी. त्यानं गुणाबाईला म्हटलं, "काकी, ही बांधलेली पेंडी जरा सोडून बघू?"

गुणाबाईचा चेहरा बघायला मी नव्हतो, पण पुढं महिनाभर तो किस्सा ऐकला. आमच्याकडं बाईनं बांधलेली पेंडी दुसऱ्यानं सोडून बघणं म्हणजे तिच्या आईनं तिला काही शिकवलं नाही म्हणण्यासारखं. "चाळीस वरसं पेंड्या बांधते मी कुंडल्या. माजी पेंडी खळ्यावरनं घाटावर गेली तरी सुटली नाय. तू सोडनार?"

नाही सोडली. मग तो नुसता बघत बसला. भट्टीवाल्यांची जेवायची सुट्टी बायांच्या आधी होई, तेव्हा डबा मांडीवर ठेवून दोन दिवस तो गुणाबाईच्या हातांकडं टक लावून बघत होता. हात एकदम झकास. कप फुलासारखा उचलायचा, पेंढ्यात निजवायचा, पुन्हा पेंढा, पुन्हा कप. कुठं आदळआपट नाही.

ही बातमी पाड्यात मी आणली. थोडी मीठमिरची लागली असेल. मैनेला एवढंच म्हटलं, "कुंडलिकचं मन हल्ली पॅकिंगमध्ये लय रमतंय. दोन दोन दिवस एका बाईच्या हातांकडं बघत बसतो म्हणे." बाई साठ वर्षांची आहे हे सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी कुंडलिक आला तो मैना गोठ्यापुढं वाट बघत उभी. मीही आपला म्हशीला बघायला आल्यासारखा.

"काय रे, पॅकिंगच्या बाईचं हात लय बगतोस?"

"कानाचं मूळ शोधतोय गो."

"माजे बग की. माज्या हातांना काय झालंय?" असं म्हणून तिनं माळ्यावरनं पेंढ्याची पेंडी खाली ओढली, अंगणात पसरली, खालून पेंढ्याचाच पिळलेला बंद घातला, दोन टोकं दोन हातांत धरली, पेंडीवर उजवा गुडघा दिला आणि बंद खेचला.

आतून 'फच' असा आवाज आला आणि पिवळा ओघळ मैनेच्या पायावर आला. तिच्या कोंबडीनं पेंढ्यात अंडं घातलं होतं.

मी हसायला तोंड उघडलं, पण कुंडलिकचं तोंड बघून मिटलं. त्याचं तोंड देऊळ उघडल्यासारखं झालं होतं.

"अंडं का फुटलं?"

"आता पुन्हा सुरू नको करूस."

"मैने, सांग. का फुटलं?"

"गुडघा बसला."

"गुडघा का दिलास?"

"पेंडी गुडघ्याबिगर आवळते का? तुजी आई काय कोपर देत व्हती?"

कुंडलिक तसाच सायकलवर बसला आणि डबाही न ठेवता आटगावला परत निघाला. ओढ्यापाशी त्याला आठवलं की कारखाना सुटलाय. मग परत आला आणि जेवला.

सकाळी त्यानं गुणाबाईला सांगितलं, "काकी, तू पेंडीला गुडघा देतेस."

"नाय देत."

"देतेस."

"अरे कपावर गुडघा कोन देईल? मला येड लागलंय?"

आणि बाई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. लहानपणापासून खळ्यावर हजारो पेंड्या बांधल्या, हातात पेंढा आला की गुडघा आपोआप पुढं येतो, त्याला विचारायला कोण जातं? कुंडलिक दोन दिवस हातांकडं बघत होता, गुडघ्याकडं त्याचंही लक्ष नाही. पेंढा मऊ म्हणून आवाज येत नाही, कानाला नुसती चीर जाते, आणि ती दुकानात पेंढा सोडताना सुटते.

कुंडलिक वाद घालणारा नव्हे. त्यानं साच्यांवर मारतात ती पांढरी भुकटी आणली आणि सगळ्या पेंढ्यावर वरवर शिंपडली. दुपारी जेवायची घंटा झाली. बाया उठल्या, तर अकराच्या अकरा जणींच्या लुगड्यावर उजव्या गुडघ्याला पांढरा वाटोळा ठसा. गुणाबाईचा सगळ्यात ठळक. तिनं खाली बघितलं, झटकलं, पुन्हा बघितलं. म्हणाली, "ह्यो माजाच का?"

खटावकर साहेबांना बोलावलं. त्यांना पटेना. म्हणाले, मी बांधून दाखवतो, नुसत्या हातानं बांधता येतं. कपांवर पेंढा लपेटला, बंद घातला, खेचला, आणि इस्त्रीच्या पॅंटीतला साहेबांचा गुडघा झोकात पेंडीवर. साहेब लहानपणी सातारच्या अंगाला शेतातच वाढले होते. सगळी शेड बघत होती. साहेबांनी हळूच गुडघा काढून घेतला आणि भुकटी झटकली.

मूळ सापडलं. पण सापडून तुटणं थोडंच थांबतं? दिवाळीला उरले दहा दिवस. साहेबांनी पाटी लावली, 'गुडघा देऊ नये'. बायांनी पाटी वाचली आणि गुडघा दिला. एकमेकींवर लक्ष ठेवा म्हटलं, तर लक्ष ठेवणारीचा गुडघा जास्त जोरात बसायला लागला. कुंडलिकनं स्वतः बांधून बघितलं, सातातल्या सात वेळा गुडघा. एकीनं उजवा पाय दोरीनं स्टुलाला बांधून घेतला, तर डावा आला. कुंडलिक घरी येऊन ओटीवर बसे आणि स्वतःच्या गुडघ्याकडं शत्रूसारखा बघे. मैनेनं लडकूबाबांना दाखवायला पुन्हा डबा भरायची तयारी ठेवली, मी माळा झाडून ठेवला.

शेवटी गुणाबाई स्वतःच बोलली. तिला त्या ठशाची लाज वाटत होती. बाकड्यापुढं उभी राहून म्हणाली, "कुंडल्या, गुडघा काय ऐकायचा नाय. त्याला पोचूच देऊ नको ना. बाकडं छातीइतकं उंच कर. मग देतो कुठं ते बघू."

दुपारीच बाकड्यांच्या पायांखाली विटा रचल्या, छातीपर्यंत. पहिल्या दिवशी शेडमधून नुसता ठकठक आवाज. पेंडी आवळताना अकरा गुडघे वर येत आणि बाकड्याच्या फळीवर खालून आपटत. संध्याकाळी अकरा जणी लंगडत घरी. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांना अक्कल आली. नाशकाला गेलेल्या पहिल्या ट्रकचा निरोप आला, बारा खोक्यांत मिळून दोन कान तुटले. ते दोन्ही म्हणे दुकानदाराच्या हातून.

साहेबांनी कुंडलिकला केबिनमध्ये बोलावलं, कागद काढला आणि विचारलं, "मग कुंडलिक, हे तूच शोधलंस ना?"

आता बघा. हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. मी असतो तर दोनदा हो म्हटलं असतं. पण कुंडलिकचे कान लाल झाले, मान लाल झाली, आणि केबिनमध्ये पाण्याचा माठ नव्हता. म्हणाला, "साहेब, गुडघा मी शोधला. तो पण माज्या बायकोनं अंड्यावर दिला म्हनून. बाकडं गुनाकाकीचं. जागा एकच हाय तर तिचं नाव लिवा."

साहेबांनी गुणाबाईला बोलावलं. ती आली, ऐकलं आणि कुंडलिककडं बघून म्हणाली, "मेल्या, मी ब्याऐंशीपासून पर्मनंट हाय. दोन वरसांनी सुटनार. मला परत कशाला पर्मनंट करतोस?"

कागदावर कुंडलिकचं नाव लागलं. वर बक्षीस म्हणून सहा कप मिळाले. सहाच्या सहा कानवाले, निळ्या फुलांचे.

वसुबारसेला लडकूबाबा आले. ओटीवर टेकायच्या आधी म्हणाले, "कागद." कुंडलिकनं कागद दिला. मी निर्धास्त होतो. कागद खरा, शिक्का खरा. लडकूबाबांनी चष्मा लावला, बोट ठेवून ओळ ओळ वाचली आणि एका जागी बोट थांबलं.

"ही तारीख तर परवाची हाय."

तारीख. तिचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. कुंडलिक उठून पाणी प्यायला गेला. मी म्हटलं, "बाबा, कंपनी दर सात वर्षांनी कागद नवा करते. शाई उडते ना."

लडकूबाबांनी चष्मा काढला. "धाऊ, तुज्या माळ्याला दक्षिणेला एक भोक हाय. पहिल्याच वर्षी मी परसाकडं गेलेलो तवा बघितलं. तुमी दोघं बसून माज्या लेकीच्या भाकरी खात व्हता."

आत पाणी प्यायचा आवाज थांबला.

"मग सात वरसं बोलला का नाय?" मी विचारलं.

"काय बोलू? मागनीला मी पण सांगितलेलं, पोरीला सैपाक येतो."

मैना चुलीपाशी होती. तिनं भांडं आपटलं. करपल्याचा वास येत होता, हे खरं.

कागद मात्र लडकूबाबांनी घडी करून टोपीत ठेवला. पैज कागदाची होती, तारखेची नव्हती, म्हणाले, आणि तारखेवर अंगठा धरून दाखवता येईल. शिवाय जावयाच्या कंपनीची काहीतरी वस्तू गावात दाखवायला हवी. मैनेचा राग तोवर गेला होता. तिनं सहा कप काढले. पाड्यातली माणसं येऊन त्या कानांना बोटं लावून गेली होती. धोंडीबाई म्हणाली होती, धरायला अडचणच होते कानाची.

सासरे निघाले. मैनेनं कप माहेरी धाडायला अंगणात पेंढा पसरला. एकेक कप फुलासारखा निजवला. वर पेंढा घातला. बंद घातला. दोन टोकं दोन हातांत धरली.

कुंडलिकनं बघितलं. मी बघितलं. बोलायला वेळ नव्हता.

पेंढा मऊ, त्यामुळं आवाज म्हणावा असा आला नाही.

मैनेनं गाठ मारली, पेंडी बापाच्या पिशवीत ठेवली आणि मान वर केली. कुंडलिकनं 'का' म्हणायला तोंड उघडलं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड मिटलं आणि सासऱ्याच्या पाया पडला.

पुढच्या शिमग्याला मी मुरबाडकडं गेलो तेव्हा लडकूबाबांकडं डोकावलो. लडकूबाबांनी मानानं बसवलं, चहा आला. निळ्या फुलांचा कप, कान नसलेला, आणि बरोबर एक धुतलेलं फडकं. शेजारचे चारजण कौतुकानं बघत होते.

"पर्मनंट जावयाच्या कंपनीचा हाय," लडकूबाबा त्यांना म्हणाले. "असाच धरतात ह्यो."

मी फडक्यात कप धरून दाखवला.